पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होतंय का? डिस्कची अलाइनमेंट तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी एसएसडी बसवली, आधीच्या हार्ड डिस्कचा जसाच्या तसा क्लोन घेतला, विंडोज पहिल्या फटक्यात सुरूही झालं, पण वाटला होता तेवढा वेग काही आला नाही. डीटीपीची दुकानं, हिशेबनिसांची ऑफिसं, शाळांच्या कॉम्प्युटर लॅब अशा ठिकाणी ही तक्रार अजून ऐकू येते. पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट आणि डोंगलशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअरं यांच्यापायी एक्सपीचं किंवा विंडोज ७ चं एखादं मशीन सांभाळावं लागतं. त्यातली डिस्क बदलते, पण डिस्कवरची पार्टिशनची आखणी मात्र २००३-०४ सालचीच पुढे चालत राहते.

वेग न येण्याची कारणं बरीच असू शकतात. त्यातलं पार्टिशनची अलाइनमेंट (पार्टिशनची सुरुवात डिस्कच्या आतल्या आखणीशी जुळणं) हे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्यासाठी कुठलाही एरर मेसेज येत नाही. शिवाय फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकलं तरी ते जात नाही. फॉरमॅट पार्टिशनच्या आतला भाग नव्याने आखतो. पार्टिशन डिस्कवर कुठे सुरू होतं, याला तो हात लावत नाही.

६३ कुठून आला

पूर्वी डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर (डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सर्वांत लहान तुकडा) अशा तीन आकड्यांनी सांगितली जायची. बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) हिशेबात एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर आणि जास्तीत जास्त २५५ हेड धरले जात. डिस्कचा पहिला ट्रॅक एमबीआरसाठी (पार्टिशनांची यादी असलेल्या पहिल्या सेक्टरसाठी) राखून ठेवायचा आणि पहिलं पार्टिशन दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू करायचं, असा डॉसच्या काळापासूनचा शिरस्ता होता. सेक्टर शून्यापासून मोजले की पहिल्या पार्टिशनची सुरुवात येते ६३ व्या सेक्टरवर. एक्सपीने हाच शिरस्ता पाळला.

सेक्टर ५१२ बाइटचा होता तोवर यात काही बिघडत नव्हतं. २००९ च्या अखेरीस वेस्टर्न डिजिटलने ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या डिस्क बाजारात आणल्या आणि २०११ पासून बाकीच्या कंपन्याही नव्या डिस्क याच पद्धतीने बनवू लागल्या. या पद्धतीचं नाव ॲडव्हान्स्ड फॉरमॅट. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम अडू नयेत म्हणून अशा बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला ‘माझे सेक्टर ५१२ चेच आहेत’ असं सांगतात. आतमध्ये मात्र असे आठ छोटे सेक्टर मिळून एक खरा सेक्टर असतो.

६३ ला आठाने पूर्ण भाग जात नाही, आणि सगळी अडचण एवढ्यातच आहे. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. त्याला ४०९६ ने भागलं की ७.८७५ येतात. म्हणजे फाइल सिस्टिमचा ४ केबीचा प्रत्येक क्लस्टर (फाइलींना जागा वाटून देण्याचा तुकडा) एका खऱ्या सेक्टरच्या शेवटच्या तुकड्यात सुरू होतो आणि पुढच्या सेक्टरमध्ये संपतो. चौकटीच्या वहीत प्रत्येक आकडा दोन घरांच्या मधल्या रेघेवर लिहावा, तशी ही मांडणी.

विस्टापासून विंडोजने ही पद्धत सोडली. विस्टा आणि त्यानंतरचं विंडोज पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू करतं. लिनक्सची साधनंही २०१० च्या आसपास त्याच वाटेला आली. म्हणून तुमची डिस्क विंडोज ७, १० किंवा ११ ने कोरी असताना पार्टिशन केलेली असेल, तर तिच्यात हा दोष असण्याची शक्यता फारच कमी. दोष सापडतो तो एक्सपीने पार्टिशन केलेल्या डिस्कवर, त्या डिस्कच्या क्लोनवर आणि एक्सपीच्याच पार्टिशनमध्ये नंतर टाकलेल्या विंडोज ७ वर.

फटका कुठे बसतो

फटका बसतो तो मुख्यतः लिहिताना. ४ केबीचा तुकडा दोन खऱ्या सेक्टरांत विभागला गेला की त्यातला एकही सेक्टर पूर्ण बदलायचा नसतो. म्हणून डिस्क आधी ते दोन्ही सेक्टर वाचते, त्यांतला हवा तेवढा भाग बदलते आणि मग पुन्हा लिहिते. फिरत्या डिस्कमध्ये वाचून झालेला सेक्टर परत हेडखाली येईपर्यंत जवळपास पूर्ण फेरा थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, ५४०० वालीला ११.१. छोट्या छोट्या असंख्य फाइली लिहिताना हे मिलिसेकंद साचत जातात. झिप उघडणं, ब्राउझरची कॅश, मेलचा डेटाबेस, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ही अशीच कामं.

एसएसडीत फेरे नसतात, पण तिथेही लिहिण्याचं एकक एक पान असतं. एका पानात मावणारा मजकूर दोन पानांवर सांडला की दुप्पट पानं लिहावी लागतात. वेग तर घटतोच, शिवाय एसएसडीची झीजही वाढते. मला हा मुद्दा वेगापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

दोन जीबीचा एकच सिनेमा कॉपी करून पाहाल तर फारसा फरक दिसणार नाही, कारण सलग लिहिताना डिस्क शेजारचे तुकडे एकत्र करून घेते. नुसतं वाचण्यातही नुकसान थोडंच. अलाइनमेंट नीट केली की मशीन दुप्पट पळेल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. डिस्कच खराब होत चालली असेल तर या दुरुस्तीने ती वाचणार नाही. म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कचं आरोग्य पाहा. तिथे ‘गुड’ नसेल, तर पार्टिशन हलवण्याचा विचार सोडा, डेटा बाहेर काढा आणि नवी डिस्क घ्या.

तपासणी

विंडोजमधली सर्वांत सोपी जागा म्हणजे सिस्टिम इन्फर्मेशन. स्टार्टमध्ये हे नाव शोधा आणि उघडल्यावर डावीकडे कंपोनंट्स, त्यात स्टोरेज, त्यात डिस्क्स असं जा. प्रत्येक पार्टिशनखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोर बाइटमधला आकडा. त्याला ४०९६ ने भागा. पूर्ण भाग गेला तर पार्टिशन जागेवर आहे. ३२,२५६ दिसलं की समजायचं, हाच तो ६३ वा सेक्टर. १०,४८,५७६ दिसलं तर उत्तम. विंडोज ७ च्या ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये १०० एमबीच्या छोट्या पार्टिशननंतर सी ड्राइव्ह बहुधा १०,५९,०६,१७६ वर सुरू होतो. हा आकडा बरोबर १०१ एमबीचा आहे, त्यामुळे तोही चालतो.

एएस एसएसडी बेंचमार्क नावाचं छोटं साधन हेच आणखी झटकन सांगतं. टेस्ट चालवायचीही गरज नाही. ड्राइव्ह निवडला की डाव्या बाजूला लाल रंगात ‘३१ के, बॅड’ किंवा हिरव्या रंगात ‘१०२४ के, ओके’ दिसतं.

लिनक्समध्ये जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडून पार्टिशनवर राइट क्लिक करा आणि ‘इन्फर्मेशन’ घ्या. तिथे ‘फर्स्ट सेक्टर’ लिहिलेला असतो. हा आकडा सेक्टरमधला आहे, म्हणून याला ४०९६ ने नव्हे तर आठाने भागायचं. शाळेतली कसोटी इथे कामी येते: शेवटच्या तीन अंकांना आठाने भाग गेला की अख्ख्या आकड्याला जातो. टर्मिनलची सवय असेल तर एफडिस्क ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह चालवा. चुकलेल्या पार्टिशनबद्दल ते सेक्टरच्या हद्दीवर सुरू होत नसल्याचा इशारा खाली येतो. पण या इशाऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ॲडव्हान्स्ड फॉरमॅटच्या सुरुवातीच्या काही डिस्क आपला खरा सेक्टरही ५१२ चाच सांगतात. मग साधनाला बिचाऱ्याला चूक दिसणार कशी? आकडा स्वतः भागून पाहिलेला बरा.

डिस्कवरचं एकूण एक पार्टिशन तपासा. एक्सपीचे डी, ई, एफ ड्राइव्ह सिलिंडरच्या हद्दीवर आखलेले असतात आणि एक सिलिंडर म्हणजे २५५ गुणिले ६३, म्हणजे १६,०६५ सेक्टर. हा आकडा विषम आहे. त्यामुळे असं पार्टिशन आठाच्या पटीत येणं निव्वळ नशिबाचा भाग, आठांत एक. उदाहरणार्थ, ५०९९ व्या सिलिंडरवर सुरू होणारं पार्टिशन ८,१९,१५,४३५ व्या सेक्टरवर येतं. ४३५ ला आठाने भाग जात नाही, म्हणजे तेही चुकलेलं. एक्सटेंडेड पार्टिशनमधल्या, म्हणजे एका मोठ्या पार्टिशनच्या आत आखलेल्या, लॉजिकल ड्राइव्हच्या आधी तर आणखी ६३ सेक्टर सोडलेले असतात, त्यामुळे त्यांचं गणित प्रत्येकी वेगळं.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या. पार्टिशन हलवणं म्हणजे त्यातला प्रत्येक बाइट उचलून किंचित पुढे ठेवणं. हे काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर पार्टिशनचा अर्धा भाग जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो, आणि त्यातून डेटा परत मिळवणं महाकठीण. जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे यूपीएसशिवाय या कामाला बसू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नाही. आणि त्यातल्या दोनचार फाइली उघडून पाहा.

मग विंडोजमधून चेक डिस्क चालवा. हायबरनेशन बंद करा. विंडोज ८ किंवा त्यापुढचं असेल तर फास्ट स्टार्टअपही बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर जीपार्टेड एनटीएफएसला (विंडोजच्या फाइल सिस्टिमला) हात लावायला नकार देईल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर आधी पूर्ण डिक्रिप्ट करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावाखाली ‘डायनॅमिक’ असं दिसत असेल तर पार्टिशन हलवण्याच्या फंदात पडू नका, पुसून नव्याने करा.

डेटाची डिस्क असेल तर: पुसून नव्याने

डिस्कवर विंडोज नसेल, नुसते फोटो, फाइली आणि बॅकअप असतील, तर मी हाच रस्ता सुचवेन. डेटा दुसरीकडे घ्या. डिस्क विंडोज ७ किंवा त्यापुढच्या मशीनला जोडा, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि पार्टिशन डिलीट करा. नुसतं फॉरमॅट करून उपयोग नाही, डिलीटच करायचं. लॉजिकल ड्राइव्ह डिलीट केल्यावर हिरवट रंगाची ‘फ्री स्पेस’ उरते, म्हणजे एक्सटेंडेड पार्टिशनचं कवच अजून शिल्लक आहे. तेही डिलीट करा. सगळी जागा काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ झाली की ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या. एनटीएफएस निवडा, अलोकेशन युनिट ४०९६ किंवा डिफॉल्ट ठेवा, क्विक फॉरमॅट करा. सुरुवात आपोआप १ एमबीवर येते.

अशी डिस्क एक्सपीला जोडली तरी व्यवस्थित चालते. फक्त त्यानंतर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तिच्यावर पार्टिशन बनवू किंवा काढू नका. नव्या पद्धतीने आखलेल्या लॉजिकल ड्राइव्हच्या नोंदी एक्सपी बिघडवू शकतं आणि ड्राइव्ह गायब झाल्यासारखे दिसतात.

एक्सपी कोऱ्या डिस्कवर टाकायचं असेल तरी क्रम हाच. पार्टिशन आधी नव्या विंडोजने किंवा जीपार्टेडने बनवायचं आणि एक्सपीच्या सेटअपमध्ये ते आहे तसं निवडायचं. सेटअपमध्ये डिलीट करून पुन्हा बनवलं की परत ६३.

विंडोज जागेवर ठेवायचं असेल तर: जीपार्टेड

इथे माझा आग्रह एका क्रमाचा आहे. नवी एसएसडी घ्यायचीच असेल तर आधी जुन्या डिस्कचा क्लोन नव्या एसएसडीवर घ्या आणि अलाइनमेंट त्या क्लोनवर दुरुस्त करा. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली की तोच तुमचा बॅकअप झाला, आणि एसएसडीवर हलवाहलवीही लवकर उरकते. क्लोननंतर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून विंडोज सुरू करू नका. दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असल्याने ड्राइव्हच्या अक्षरांचा घोळ होतो.

जीपार्टेड लाइव्हची आयएसओ फाइल रूफसने पेनड्राइव्हवर उतरवा आणि त्यावरून मशीन सुरू करा. वर उजवीकडे बरोबर डिस्क निवडली आहे ना, हे तिच्या आकारावरून खात्रीने पाहा.

आधी पार्टिशन लहान करा. जीपार्टेड पार्टिशन हलवताना पूर्ण आकार कॉपी करतं, आत डेटा कमी असला तरी. ३०० जीबीचं पार्टिशन सेकंदाला ४० एमबीच्या गतीने सरकलं तर दोन तासांच्या वर लागतात. त्यात डेटा फक्त ६० जीबी असेल तर ते ८० जीबीवर आणा, काम अर्ध्या तासाच्या आसपास येतं. त्यासाठी ‘रिसाइझ/मूव्ह’ घेऊन उजवी कड आत ओढा, ‘अप्लाय’ करा आणि संपू द्या.

मग पुन्हा ‘रिसाइझ/मूव्ह’. ‘अलाइन टू’मध्ये ‘एमआयबी’ (१०,४८,५७६ बाइटचा एमबी) निवडा आणि ‘फ्री स्पेस प्रिसिडिंग’मध्ये १ लिहा. पार्टिशनचा आकार तोच ठेवा. सुरुवात बदलल्यास ऑपरेटिंग सिस्टिम बूट न होण्याचा इशारा येईल. तो वाचा, बूटचा उपाय पुढे दिला आहे. ‘अप्लाय’ करा आणि मशीनपासून सर्वांना लांब ठेवा. हे संपलं की तिसऱ्यांदा ‘रिसाइझ/मूव्ह’ घेऊन पार्टिशन हवं तेवढं वाढवा.

एकाहून जास्त पार्टिशनं असतील आणि पहिल्याला उजवीकडे सरकायला जागाच नसेल, तर पहिलं लहान केलं की ती जागा तयार होते. डी, ई ही पार्टिशनं एकेक करून त्याच पद्धतीने हलवा. खरं सांगायचं तर डी-ई पुसून पुन्हा बनवणं यापेक्षा कितीतरी सोपं आणि कमी जोखमीचं आहे. हलवायचं ते फक्त विंडोजचं पार्टिशन.

विंडोज उठलं नाही तर

एक्सपी बहुतेक वेळा उठतं, कारण त्याच्या बूटच्या फाइलमध्ये पार्टिशनचा क्रमांक असतो आणि तो बदललेला नसतो. एनटीएफएसच्या बूट सेक्टरमधली सुरुवातीची नोंद जीपार्टेड स्वतः बदलतं. तरीही अडलंच तर एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन आधी ‘फिक्सबूट’ आणि गरज पडल्यास ‘फिक्सएमबीआर’ चालवा.

विस्टा आणि ७ मात्र हमखास रुसतात. त्यांच्या बूटच्या नोंदीत डिस्कची सही आणि पार्टिशनची बाइटमधली जागा असते, आणि आपण नेमकी तीच बदललेली असते. विंडोजच्या डीव्हीडीवरून सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मध्ये ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. कधी कधी ते दोनतीनदा चालवावं लागतं. ही डीव्हीडी काम सुरू करण्याआधीच हाताशी हवी. एमबीआर डिस्कवर ड्राइव्हची अक्षरंही याच सही-जागेच्या जोडीवर ठरतात, म्हणून डीचा एफ झालेला दिसला तर घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर परत बदला.

लिनक्स पार्टिशन ज्यावरून ओळखतं ती यूयूआयडी पार्टिशन हलवल्याने बदलत नाही. पण लिनक्स सुरू करणारा ग्रब पुन्हा बसवावा लागू शकतो, तेव्हा लाइव्ह पेनड्राइव्ह जवळ ठेवा.

फसवणाऱ्या तीन जागा

वेस्टर्न डिजिटलच्या सुरुवातीच्या ॲडव्हान्स्ड फॉरमॅट डिस्कवर एक्सपीसाठी सात आणि आठ नंबरच्या पिनांवर जंपर लावायची सोय होती. तो लावला की डिस्क सगळे पत्ते आतल्या आत एक सेक्टरने सरकवते आणि ६३ चा ६४ होतो. अशा डिस्कवर जंपर तसाच ठेवून तुम्ही २०४८ वर पार्टिशन केलंत तर ते प्रत्यक्षात २०४९ वर पडतं. आणि डेटा असताना जंपर काढला तर सगळंच एका सेक्टरने सरकून डिस्क वाचताच येत नाही. जंपर काढायचा तो डेटा बाहेर घेतल्यावर आणि नवं पार्टिशन बनवण्याआधी.

दुसरी जागा म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायचे डबे. काही डबे लिनक्सला ‘एका वेळी ३,३५,५३,९२० बाइट लिहिणं उत्तम’ असं सांगतात. हा आकडा ६५,५३५ सेक्टरांचा, म्हणजे विषम. काही साधनं तो प्रमाण मानून पार्टिशन ६५,५३५ व्या सेक्टरवर सुरू करतात आणि कोऱ्या नव्या डिस्कवरही अलाइनमेंट चुकते. जीपार्टेडमध्ये एमआयबी निवडलं की हा प्रश्न येत नाही.

तिसरी जागा क्लस्टरचा आकार. एक्सपीत फॅट ३२ चं एनटीएफएसमध्ये रूपांतर केलेलं असेल तर क्लस्टर अनेकदा ५१२ बाइटचा झालेला असतो. मग पार्टिशन कितीही नीट ठेवा, डिस्कला ४ केबीपेक्षा लहान तुकडे लिहावेच लागतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएसयूटिलची एनटीएफएस माहिती काढा आणि ‘बाइट्स पर क्लस्टर’समोर ४०९६ आहे ना ते पाहा. ५१२ असेल तर डेटा काढून ४०९६ ने फॉरमॅट करणं हाच खात्रीचा उपाय.

सगळं झाल्यावर ऑफसेट पुन्हा मोजा आणि चेक डिस्क पुन्हा एकदा चालवा. फरक आकड्यांत बघायचा असेल तर क्रिस्टलडिस्कमार्कची ४ केबीची रँडम राइट चाचणी दुरुस्तीआधी आणि नंतर घ्या, त्याच मशीनवर, बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवून. एक्सपी एसएसडीवर चालवणार असाल तर आणखी एक करा: एक्सपी एसएसडीला ट्रिमची, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे सांगणारी, आज्ञा देत नाही, म्हणून पार्टिशन वाढवताना शेवटची थोडी जागा अनअलोकेटेडच सोडा. नव्या एसएसडीवर ती कधीच लिहिली गेलेली नसते आणि कंट्रोलरला आवराआवरीसाठी मोकळी मिळते.